हप्ते थकले म्हणून फ्लॅट हातचा जातो का?

प्रश्न : ६० लाखांच्या फ्लॅटचा करारनामा रजिस्टर झाला आहे, २७ लाख भरलेत. नोकरी गेल्यामुळे स्लॅबचे दोन हप्ते थकले. ‘सात दिवसांत पैसे भरा, अन्यथा करार आपोआप रद्द आणि भरलेली रक्कम जप्त’ असं बिल्डरचं पत्र आलंय. त्याला हे करता येतं का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : तुमच्या करारनाम्यातलं कलम ४.२ काढून वाचा. रेरा (बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा) खालच्या महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारनाम्यात ते असं आहे : तीन हप्ते थकल्यावरच बिल्डर करार संपवू शकतो. त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस, रजिस्टर एडीने आणि ईमेलनेही. कोणत्या अटीचा भंग झाला हे नोटिशीत नेमकं लिहिलेलं हवं. त्या १५ दिवसांत थकबाकी भरली, की करार रद्द करायला कारण उरत नाही. तुमचं कलम नमुन्याबरहुकूम असेल, तर ‘आपोआप रद्द’ ही नुसती धमकी आहे.

पण पत्राला उत्तर न देणं ही मोठी चूक ठरेल. लेखी कळवा, जमेल तेवढे भरा, पावती घ्या. उशिराचं व्याज मात्र द्यावंच लागेल : स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. दर ११ टक्के धरला, तर ३ लाखांचा हप्ता चार महिने थकल्यास साधारण ११,००० रुपये होतात. फ्लॅट गमावण्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. हप्ता बांधकामाच्या टप्प्याला बांधलेला असतो. डिमांड लेटरमध्ये (हप्ता मागणाऱ्या पत्रात) सहावा स्लॅब लिहिलाय आणि साइटवर पाचव्याचं सेंट्रिंगच उभं आहे, तर तो हप्ता अजून देय झालेलाच नाही. आर्किटेक्टचा दाखला मागा, तारखेसह फोटो काढून ठेवा.

करार खरोखर रद्द झालाच, तरी २७ लाख गिळता येत नाहीत. ठरलेली नुकसानभरपाई आणि देणी वळती करून बाकी रक्कम ३० दिवसांत परत करायची असते. करारात कितीही मोठा आकडा लिहिला, तरी तो जाचक असून चालत नाही. गुरुग्राममधल्या एका प्रकरणात फ्लॅटच्या मूळ किमतीच्या २० टक्के जप्तीची अट एकतर्फी ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये १० टक्क्यांचीच कपात मान्य केली. तिथे ग्राहकाने स्वतःहून माघार घेतली होती, हेही ध्यानात ठेवा. गृहकर्ज असेल, तर परताव्यावर पहिला हात बँकेचा.

रद्द करणं कराराला सोडून, एकतर्फी किंवा पुरेशा कारणाविना असेल, तर रेरा कायद्याच्या कलम ११(५) खाली महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार करा; शुल्क ५,००० रुपये.

प्रश्न : १८ टक्के रक्कम घेतली, करारनामा मात्र केला नाही. आता ‘बुकिंग रद्द, पैसे बुडाले’ म्हणतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : इथे चूक बिल्डरचीच. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करारनामा रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. तुमच्याकडे फक्त अलॉटमेंट लेटर (बुकिंगनंतर मिळणारं फ्लॅट वाटपाचं पत्र) असेल, तर त्यातला रद्दीकरणाचा तक्ता बघा. महारेराच्या २०२२ च्या नमुन्यात ग्राहकाने १५ दिवसांत बुकिंग सोडलं तर कपात शून्य, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड आणि त्यापुढे २ टक्के, फ्लॅटच्या किमतीवर. परताव्याची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.