पुराला बांध घातला, आता वावरातलं पाणी काढायचं कसं?

प्रश्न : खारपाणपट्ट्यात, पूर्णेला मिळणाऱ्या नाल्याकाठी आमचं चार एकर वावर आहे. पूर शिरू नये म्हणून मातीचा बांध घातला. आता पावसाचं पाणी आतच दोन-तीन दिवस तुंबतं, तूर पिवळी पडते. बांधातून सहा इंची पाइप काढला तर भागेल का?
– एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : नुसता पाइप टाकू नका. पूर्णा फुगली की नाल्याला फुगवटा येतो आणि त्याच पाइपातून पाणी उलटं वावरात शिरतं. कोकणातल्या खारजमिनींच्या बांधांना यासाठीच उघाडी असते. भरतीला तिची झडप मिटते, ओहोटीला उघडते. तुम्हीही पाइपाच्या नाल्याकडच्या तोंडाला, वरच्या बाजूस बिजागरी असलेली लोखंडी झडप बसवा. तिच्यात पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) अडकली तर ती मिटत नाही, म्हणून आतल्या तोंडाला जाळी हवी आणि मोठ्या पावसानंतर दोन्ही तोंडं साफ करायला हवीत.

आता माप. चार एकरांत 50 मिमी पाणी साचलं तर ते सुमारे 8 लाख लिटर होतं. नाला दिवसातले बाराच तास उतरलेला असेल, तर सेकंदाला 18-19 लिटर पाणी बाहेर पडायला हवं. आत-बाहेरच्या पातळीत जेमतेम 10 सेंमी फरक असताना सहा इंची पाइपाला ते झेपत नाही. 300 मिमीचा सिमेंट पाइप घ्या.

बांध फुटतो तो बहुधा पाइपाच्या कडेने. या पट्ट्यातल्या मातीत सोडियम जास्त असल्याने ती पाण्यात सुटी होऊन वाहून जाते. बोटभर फट मिळाली तरी भगदाड पडतं. पाइपाखाली वाळू किंवा मुरूम अजिबात नको. ओलसर मातीत जिप्सम मिसळून 15 सेंमीचा एकेक थर धुम्मसने ठोकत भरा.

पाणी पाइपापर्यंत आणायला बांधाच्या पायथ्यापासून दोन मीटर आत चर काढा: तळ एक फूट, खोली दोन फूट, वरची रुंदी सात फूट, 100 मीटरला 20 सेंमी उतार. जेसीबीने उभ्या काठाचा चर काढून दिला तर तो पहिल्याच झडीत ढासळतो.

निचऱ्यासाठी जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकायची घाई नको. पाणी मातीत उतरतच नसेल तर पाइपापर्यंत पोचणार कसं? आधी माती तपासून पेरणीपूर्वी जिप्सम द्या, साधारण एकरी एक टन, तेही चर झाल्यावरच. जिप्सममुळे मातीतून सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं पाहिजे.

यंदाच्या उभ्या तुरीत वाफसा येताच डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून तासांमधून सऱ्या पाडा आणि चराला जोडा. चिखलात मात्र डवरा घालू नका.