गोव्यातल्या जुन्या घराच्या लाकडी जमिनीखाली ओल आणि बुरशी: वॉटरप्रूफ रंग मारावा का?

तुमच्या बार्देशातल्या घराला लाकडी जमीन आहे, तिच्याखाली अडीच फुटांची पोकळी आहे, पावसाळ्यात तिथून कुबट वास येतो आणि फळ्यांना खालून बुरशी धरते. जोत्याला वॉटरप्रूफ रंग मारावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून मारू नका.

आमचं डिचोलीचं घरही असंच, जोतं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. उंदीर-साप शिरतात म्हणून आम्ही जोत्यातले झरोके बुजवले आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात देवघराजवळची फळी पायाखाली दबली. मेस्ताने (सुताराने) ती उचकटली, तर तुळईचं भिंतीत टेकलेलं टोक कुजून हाताला नुसता भुसा लागला. वरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं. चिरा पाणी पितो, पण मोकळा असला तर वाळतोही. सिमेंटने त्याचं वाळणं बंद केलं आणि ओल आतल्या लाकडाकडे वळली. आता आम्ही तो गिलावा काढून चुन्याचा केलाय.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पागोळ्या जोत्याशीच पडत असतील तर पाणी उसळून भिंत रोज भिजते. जुनी माणसं मे महिन्यात चुडतांचे झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे पडदे) बांधायची ती याचसाठी. पन्हळ लावा, तिचं पाणी दूर सोडा, आणि अंगणाला घरापासून बाहेर उतार द्या: ३ मीटरला १५ सेंटिमीटर तरी हवाच. भिंतीला टेकून फुलझाडं लावली असतील तर तीही हलवा.

दुसरा स्रोत पोकळीतली माती. वरून कोरडी दिसली तरी ती सतत वाफ सोडत असते. एप्रिल-मेमध्ये, माती सुकलेली असताना, आतले लाकडाचे तुकडे आणि जुना पालापाचोळा काढा (वाळवी तिथूनच चढते) आणि १००० गेजचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. सांध्यावर फूटभर कागद एकावर एक येऊ द्या, कडा भिंतीवर वीतभर चढवा. मात्र खाली पाणीच साचत असेल तर कागदाने काही होणार नाही, आधी निचरा करा.

झरोके उघडे ठेवा, बारीक जाळी लावा, म्हणजे साप-उंदरांचाही प्रश्न सुटतो. वरच्या खोलीत एसी असेल तर तापमान फार खाली नेऊ नका. थंड फळीला खालून दमट हवा लागली की तिला घाम फुटतो, हा त्रास आमच्या शेजारी झालाय.

आत्ताची बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा आणि पंखा लावून नीट वाळवा. ब्लीच लाकडाच्या आत पोचत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका. लाकडातला ओलावा मोजायचं मीटर मिळतं. २० टक्क्यांच्या वर आकडा टिकून राहिला तर ते लाकूड कुजण्याच्या वाटेवर आहे. मीटर नसेल तर प्रत्येक तुळईच्या टोकाला, भिंतीलगत, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. हे मात्र आजच करा, पावसाळा संपायची वाट पाहू नका. टोक मऊ लागलं तर त्या बाजूला जड कपाट ठेवू नका आणि सुताराला बोलवा.