स्टान्स नक्की कुणाचा बरोबर?

अरे तू विचारलंस ना, कराटेच्या स्टान्समध्ये (म्हणजे उभं राहायच्या पवित्र्यात) यूट्यूबवरचा माणूस पार खाली बसून उभा असतो आणि आपले सर एवढे वाकत नाहीत, मग चुकतंय कोण? कोणीच नाही रे. शोटोकान या कराटेच्या शैलीचा झेनकुत्सु दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेला स्टान्स, लांब नि खोल, साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायावर, कारण लांबून आत घुसून मारायचं असतं. गोजू-र्‍यूवाले (ही कराटेचीच दुसरी शैली) जवळ भिडतात, पकडापकडी चालते, म्हणून त्यांचा सानचिन हा स्टान्स आखूड. तायक्वांदोवाले तर जवळजवळ सरळच उभे, लाथ झटकन उचलायचीय ना! आणि गंमत म्हणजे शोटोकानचे जनक फुनाकोशी 1922 ला टोकियोत कराटे घेऊन आले तेव्हा स्टान्स बरेच उंच होते, एवढी खोली नंतर आली.

त्यात उंची, मांडीची लांबी, वय. माझा गुडघा चाळिशीनंतर कुरकुरतो, मी चार बोटं वरच राहतो, लाज कसली.

तू एक कर, मालवणला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत उभा राहा आणि मग ठसे बघ, कुठला पाय जास्त रुतला, टाच की चवडा, लगेच कळतं. पुढचा गुडघा आत पडू देऊ नको फक्त. सुक्या वाळूत नको, घोटा मुरगळतो. आणि पावसात शेवाळलेल्या खळ्यात तर अजिबात नको, मी सपशेल आपटलोय.