मॅमथसारखे हिमयुगातले प्राणी थंडी संपल्यामुळे गेले की माणसाने मारल्यामुळे?

तुमचा प्रश्न असा आहे: मॅमथ, केसाळ गेंडा हे प्राणी हवामान बदललं म्हणून नष्ट झाले, की माणसाने शिकार करून संपवले? आणि भारतात असे प्राणी होते का? माझं गाव निफाड तालुक्यातलं, त्यामुळे दुसऱ्या भागाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. पण त्यावर शेवटी येतो.

माझं मत आधीच सांगतो. हवामानाने या प्राण्यांचा मुलूख आणि संख्या आटवली, आणि माणसाने त्यांना पुन्हा वाढू दिलं नाही. मात्र हे प्रत्येक प्राण्याला सारखं लागू होत नाही, म्हणून 'हे की ते' असं विचारलं की गाडी अडते.

हिमयुग म्हटलं की डोळ्यांसमोर नुसता बर्फ येतो. पण बर्फ खाऊन कोण जगणार? मॅमथ जगायचे गवतावर. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, सैबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडलेले होते, आणि युरोपपासून पार कॅनडाच्या युकॉनपर्यंत थंड, कोरडं, वाऱ्याचं माळरान पसरलेलं होतं. हवा कोरडी असल्याने हिमवर्षाव कमी व्हायचा, आणि हिवाळ्यातही बर्फाच्या पातळ थराखाली गवत मिळायचं. साधारण 14,700 वर्षांपूर्वी तापमान झपाट्याने चढलं, मध्ये पुन्हा थंडीचा एक टप्पा आला, आणि 11,700 वर्षांपूर्वी आजचं उबदार युग सुरू झालं. ऊब आली तशी ओलही आली. बर्फाचे थर जाड झाले, माळरानाच्या जागी दलदल, शेवाळ आणि झुडपं आली. हत्तीएवढ्या जनावराला रोज शंभर-दीडशे किलो चारा लागतो; तो शेवाळातून कुठून मिळणार?

केसाळ गेंड्याच्या बाबतीत मला हे कारण पुरेसं वाटतं. ईशान्य सैबेरियात याना नदीकाठी माणूस 31,000 वर्षांपूर्वीच पोहोचला होता. तरीही गेंड्यांच्या जुन्या डीएनएवरून दिसतं की त्यांची संख्या 18,500 वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होती. म्हणजे हजारो वर्षं दोघे एकाच मुलखात नांदले. गेंडा दिसेनासा झाला तो सुमारे 14,000 वर्षांपूर्वी, त्या पहिल्या मोठ्या तापमानवाढीनंतर.

मग माणूस निर्दोष? नाही. साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षाही थोडी उबदार होती. मॅमथ त्या काळातून निभावले. उत्तरेला सरकले, संख्येने घटले, आणि थंडी परतल्यावर पुन्हा पसरले. शेवटच्या वेळी मात्र त्यांना परत पसरता आलं नाही, आणि त्या वेळी नवीन होता तो सगळ्या मुलखात पोहोचलेला, भाले आणि विस्तव घेऊन फिरणारा माणूस.

जगाचा नकाशा समोर ठेवला तर हे आणखी स्पष्ट होतं. 44 किलोपेक्षा जड सस्तन प्राण्यांच्या प्रजातीसमूहांपैकी ऑस्ट्रेलियात सुमारे 88 टक्के, दक्षिण अमेरिकेत 83 टक्के आणि उत्तर अमेरिकेत 72 टक्के नष्ट झाले. आफ्रिकेत, जिथे माणूस आणि जनावरं लाखो वर्षं एकमेकांना ओळखत वाढली, तिथे फक्त 18 टक्के. तापमान काय आफ्रिकेला वगळून वाढलं होतं? अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे जमिनीवर राहणारे अवाढव्य स्लॉथ (संथ चालीचे, पाला खाणारे सस्तन प्राणी) सुमारे 11,000 वर्षांपूर्वी संपले, पण क्यूबा आणि हिस्पॅनिओला बेटांवरचे त्यांचे भाऊबंद त्यानंतरही पाचेक हजार वर्षं जगले. हवामान तर बेटांवरही बदललंच होतं. फक्त माणूस तिथे उशिरा पोहोचला.

'मूठभर शिकारी लाखो जनावरं कशी मारतील?' ही शंका मला नेहमी ऐकू येते. त्यात कत्तलीचं चित्र गृहीत धरलेलं असतं, आणि तिथेच चूक होते. हत्तीण बारा-पंधराव्या वर्षी पहिल्यांदा वेते, गर्भ 22 महिने वाढतो, आणि दोन वेतांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर असतं. मॅमथचंही साधारण असंच असणार. समजा, सगळं अनुकूल असताना शंभरांचा कळप वर्षाला चारने वाढतो. हवामान बिघडलं आणि ती वाढ एकवर आली. आता शिकाऱ्यांनी वर्षाकाठी दोनच जास्तीची जनावरं मारली, तरी कळप घटू लागला. ज्या पिढीने मारली तिला काही जाणवणारही नाही. आजोबांच्या वेळी जनावरं जास्त होती, एवढंच नातवंडं ऐकतील. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. बेरिंग समुद्रातली स्टेलर सी-काऊ (पाण्यात राहणारा, वनस्पती खाणारा अवाढव्य सस्तन प्राणी) 1741 मध्ये शास्त्रज्ञांच्या नजरेला पडली आणि 1768 पर्यंत, म्हणजे अवघ्या 27 वर्षांत, खलाशांनी ती खाऊन संपवली.

शिकारीचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मॅस्टोडॉनच्या (मॅमथसारख्याच एका हत्तीवर्गीय प्राण्याच्या) बरगडीत रुतलेलं हाडाचं टोक सापडलं आहे, 13,800 वर्षांपूर्वीचं. मोंटानात जवळपास 12,800 वर्षांपूर्वी पुरलेल्या एका तान्ह्या बाळाच्या हाडांवरून 2024 मध्ये त्याच्या आईचा आहार काढला गेला: त्यात सर्वात मोठा वाटा मॅमथच्या मांसाचा निघाला. युक्रेनमध्ये मेझिरिच इथे मॅमथच्या जबड्यांवर जबडे रचून बांधलेल्या झोपड्या आहेत, पण त्यातली बरीच हाडं आधीच मेलेल्या जनावरांची, गोळा केलेली असावीत. म्हणून तो पुरावा मी फार ताणत नाही.

आता रँगल बेट. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त चटका लावणारी जागा हीच. सैबेरियाच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रातलं हे बेट सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पाणी चढून तुटलं आणि मॅमथची एक छोटी टोळी तिथे अडकली. त्यांच्या डीएनएच्या 2024 मधल्या अभ्यासानुसार सुरुवातीला जास्तीत जास्त आठ जनावरं होती. वीसेक पिढ्यांत ती दोन-तीनशे झाली आणि पुढे तब्बल सहा हजार वर्षं तेवढीच राहिली. जवळच्या नात्यातल्या प्रजननामुळे ती हळूहळू खंगत गेली असं आधी मानलं जायचं. या अभ्यासात दिसलं की संख्या शेवटपर्यंत स्थिर होती आणि मग एकाएकी शून्य झाली. साल सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचं. तेव्हा गिझाचा पिरॅमिड बांधून पाचेकशे वर्षं झाली होती, आणि मोहेंजोदडोची वस्ती नांदती होती. तिथला एखादा कारागीर मुद्रेवर हत्ती कोरत बसला असेल, त्या दिवशी त्या हत्तीचा केसाळ चुलतभाऊ रँगलवर चरत होता. (चुलतभाऊ खरोखरच: मॅमथ आफ्रिकेतल्या हत्तीपेक्षा आपल्या आशियाई हत्तीला जास्त जवळचा.) माणसाच्या तिथल्या खुणा त्यानंतर काही शतकांनीच दिसतात, म्हणजे निदान रँगलचा दोष आपल्यावर येत नाही. अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावरही तसंच: सुमारे 5,600 वर्षांपूर्वी तिथलं गोड्या पाण्याचं तळं आटत गेलं आणि मॅमथ तहानेने गेले. माणूस त्या बेटावर पोहोचला 18व्या शतकात.

आता आपल्याकडचं. मॅमथ इथे नव्हते, आणि हिमयुगात दख्खन गोठलेलीही नव्हती. पाऊस कमी झाला होता आणि माळरानं वाढली होती. पण हत्ती होता, आणि केवढा! पॅलिओलॉक्सोडॉन नमॅडिकस, नाव नर्मदेवरून. केसाळ मॅमथची खांद्यापर्यंतची उंची आजच्या हत्तीएवढीच, तीनेक मीटर. हा चार मीटरच्या वर जायचा. त्याच्या जोडीला स्टेगोडॉन (हत्तीसारखाच एक प्राणी), पाणघोडा आणि रानघोड्याची एक जात. हो, आपल्या नद्यांत पाणघोडे डुंबायचे. गेल्या 30,000 वर्षांत हे चौघेही गेले. भारतीय उपखंडातल्या जीवाश्मांच्या अलीकडच्या अभ्यासात मात्र असं दिसतं की बाकीचे बहुतेक मोठे प्राणी टिकले. वाघ, गेंडा, गवा, आशियाई हत्ती आजही आहेत, आणि त्याचं कारण आफ्रिकेसारखंच मानलं जातं: इथली जनावरं माणसाला फार आधीपासून ओळखत होती.

आता निफाड. 1905 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळात मिळालेल्या याच अवाढव्य हत्तीची नोंद प्रसिद्ध केली. जागा होती नांदूर मधमेश्वर. आज लोक तिथे पक्षी बघायला येतात, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण हत्तीची गोष्ट मला लहानपणी गावात कुणी सांगितली नाही. कॉलेजात गेल्यावर कळली तेव्हा मी सुट्टीत पहिल्यांदा नदीकडे गेलो. तुम्ही कधी आलात तर घटकाभर दुर्बीण बाजूला ठेवून गोदावरीकाठची एखादी उभी दरड बघा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, आणि तळाशी वाळू-गोट्यांचा सिमेंटसारखा घट्ट झालेला थर. जुन्या जनावरांची हाडं आणि दाढा मिळतात त्या बहुधा असल्याच थरात.