बाजारातलं ते छोटं केशरी लिंबू: एकरभर लावू का?

प्रश्न (हातकणंगले तालुक्यातून): साहेब, वडगावच्या बाजारात एका मावशीकडं सुपारीपेक्षा जरा मोठी केशरी फळं बघितली, सालीसकट खा म्हणाली. रोपंवाला म्हणतोय एक्झॉटिक आहे, एकरभर लावा, माल आम्हीच उचलतो. सोबत औषधाचं किटपण देतोय. लावू का?

उत्तर: एकरभर अजिबात लावू नका. आधी फळ ओळखा. लांबट असेल, साल गोड आणि गर आंबट, तर ते कुमक्वाट, मूळ चीनचं. गोल असेल, साल पातळ आणि नखानं पटकन सुटणारी, चावल्यावर दात आंबतील इतकं आंबट, तर कॅलामोंडिन, फिलिपिन्समध्ये घरोघरी लिंबासारखं वापरतात. आपल्याकडं कुंडीत 'चायना ऑरेंज' म्हणून मिळतं ते बहुतेक हेच. गिऱ्हाईक अजून किलोदोन किलोचं आहे, एकराचा माल कुठं घालणार? 'आम्हीच उचलतो' हे तोंडी चालत नाही, लेखी मागा, मग बघा तो काय म्हणतो ते.

आता किट. खैऱ्याचं (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा कँकर रोग) औषध त्यात हमखास असतं, आणि खैऱ्या या दोन्ही झाडांवर फारसा येतच नाही, ते कागदी लिंबाचं दुखणं! म्हणजे नसलेल्या रोगावर पैसे. वर टॉनिक, हार्मोन, युरिया, सगळं एकाच पंपात. असलं करू नका, परत सांगतो, करू नका. युरिया जास्त झाला की कोवळी पालवी फुटत राहते आणि नागअळी, सायला (रस शोषणारी कीड) तिच्यावरच येतात, मग परत त्याच दुकानात. पालवी फुटताना 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारा, बास. भर दुपारी नाही, फुलात तर नाहीच. आणि शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारत असतील तर वाऱ्याची दिशा बघायला सांगा, लिंबूवर्गीय झाडाची कोवळी पानं त्यानं चुरगाळतात, मग आमच्याकडं व्हायरस आलाय म्हणून फोन येतो.

आपल्याकडं खरा घात पाण्यानं होतो. उसासारखं पाट सोडून खोडाशी पाणी तुंबवलं की डिंक्या (खोडातून डिंक गळणारा बुरशीचा रोग) आलाच, कितीतरी बागांत हेच बघितलंय. म्हणून दुहेरी आळं करा: खोडाभोवती मातीची भर, आतलं आळं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको. लखलखीत विळा त्यात बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी संपवा, उरलेली दुसऱ्या दिवशी लावू नका.

तर चार झाडं बांधावर लावा. बियाचं रोप नको, कुमक्वाट स्वतःच्या मुळावर नीट वाढत नाही, रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावरचं कलमच घ्या, परवानाधारक नर्सरीतून, पक्कं बिल घेऊन. अनुदानच पाहिजे असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कागदी लिंबू बसतं, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पैसे तीन वर्षांत 50:30:20 टक्के असे. पुढच्या बाजारी त्या मावशीला विचारा झाड कलमाचं की बियाचं, आणि पानासकट दोन फळं घेऊन ऑफिसात या, कापून बघू.