विद्यापीठात आहे, पण संशोधनाला मला कोण घेणार?

"मॅडम, मी एमएस्सी सोडून बीएड करू का?"

खुर्चीच्या कडेवर बसून, सॅक मांडीवरच धरून तिनं विचारलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्राचं पहिलं वर्ष. गाव जुन्नर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. (तिला विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मार्क बरे होते, तब्येत बरी होती, होस्टेलवर भांडण नव्हतं. मग? "संशोधन करायचं म्हणून आले होते. पण ते आयसरच्या मुलांचं असतं. आम्हाला कोण घेणार?" (आयसर म्हणजे केंद्राची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था.)

हा प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो. कधी बीएडच्या वेषात येतो, कधी स्पर्धा परीक्षेच्या, कधी "घरचे लग्नाचं बघताहेत"च्या.

पहिल्या भेटीत मी चूक केली. उत्साहात तिला संशोधन संस्थांची यादीच लिहून दिली: पाषाणला एनसीएल (रसायनशास्त्र), आयसर आणि आयआयटीएम (हवामान), आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था (जीवशास्त्र), विद्यापीठाच्या आवारातच आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान). पुण्यात एवढं असताना काळजी कसली! ती "हो मॅडम" म्हणाली आणि तीन आठवडे फिरकली नाही. नंतर कळलं, यादी वाचून ती जास्तच घाबरली होती. एवढ्या संस्था, आणि एकीतही आपलं कुणी नाही.

दुसऱ्यांदा आली तेव्हा मी कोरा कागद पुढे केला. म्हटलं, तुझा कॅम्पस काढ. तिनं होस्टेल काढलं, रिफेक्टरी, विभाग, जयकर ग्रंथालय, अनिकेत कँटीन. झाडंसुद्धा काढली. आयुका कुठेच नव्हती. "तिथे आपल्याला सोडत नाहीत ना?" म्हणाली. कुणी अडवलं होतं का? नाही. पाच महिन्यांत विचारलंच नव्हतं.

आयुकाच्या नावातच 'आंतर-विद्यापीठीय' आहे. 1988 साली डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली, ती विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात काम करता यावं म्हणून. म्हणजे हिच्यासारख्यांसाठीच. पण हे मी सांगून तिला पटणार नव्हतं. मी एवढंच काम दिलं: विभागातल्या एखाद्या सीनियरला विचारून तिथल्या एका व्याख्यानाला बसून ये. कळलं नाही तरी चालेल.

पहिल्या दिवशी ती फाटकासमोर वीस मिनिटं उभी राहून परत आली. दुसऱ्या वेळी रूममेटला घेऊन गेली. वॉचमननं विचारलं, "कुणाकडे?" तिला भीती होती ती याच प्रश्नाची. "लेक्चरला," म्हणाली. त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. बस्स. आत गेल्यावर पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबक बघितला, आर्यभटाच्या पुतळ्याजवळ फोटो काढला. व्याख्यानातलं पहिल्या दहा मिनिटांनंतरचं काही कळलं नाही. शेजारी बसलेल्या पीएचडीच्या मुलालाही शेवट कळला नव्हता, हे तिला फार महत्त्वाचं वाटलं. मलाही.

मग ईमेलचं प्रकरण. तिनं चार प्राध्यापकांना पाठवायला लिहिलेला मजकूर दाखवला. कुठून तरी उचललेलं भारदस्त इंग्रजी, आणि कृष्णविवरांपासून कृष्णद्रव्यापर्यंत सगळ्यात रस असल्याची ग्वाही. मी म्हटलं, आधी मराठीत सांग, तुला नक्की काय येतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पायथॉनमध्ये आलेख काढता येतात. आणि खोडदची दुर्बीण मी लहानपणापासून बघते."

तिच्या गावाजवळ, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे, हे आमच्या तिसऱ्या भेटीत बाहेर आलं! 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या; 14 मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या 16 तीन फाट्यांवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण एनसीआरए चालवते, आणि एनसीआरएचं ऑफिस हिच्या विभागापासून चालत जाण्यासारखं. आठवीत असताना शाळेनं विज्ञान दिनाला तिथल्या प्रदर्शनाला नेलं होतं. तिथल्या निरीक्षणांचा डेटा साधारणपणे 18 महिन्यांनी सगळ्यांसाठी खुला होतो. नोंदणी करून मागता येतो. त्यासाठी आयसरचं ओळखपत्र लागत नाही.

नवा ईमेल सात ओळींचा झाला. काय शिकले, काय येतं, काय येत नाही, कोणत्या महिन्यांत वेळ आहे. चारपैकी दोघांचं उत्तर आलं नाही, एकानं जागा नाही म्हणून कळवलं, आणि तिच्याच विभागातल्या सरांनी "गुरुवारी भेट" असं लिहिलं. पाच महिने ती ज्यांच्या तासाला तिसऱ्या बाकावर बसत होती, तेच सर. आता त्यांच्याकडे ती जुन्या जीएमआरटी डेटावर काम करते. त्यातलं निम्मं काम म्हणजे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट वेचून काढणं. तांदूळ निवडल्यासारखं, असं ती म्हणते.

सगळं जुळलं असं नाही. आयुकाच्या उन्हाळी कार्यक्रमात तिची निवड झाली नाही. विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज तर आमच्या गप्पांत राहूनच गेला. तो साधारण नोव्हेंबरातच भरायचा असतो. यंदा तारीख तिच्या वहीत लाल पेननं आहे. बीएडचा विचारही पूर्ण गेलेला नाही आणि मी तो घालवायला बसलेली नाही. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, हे घरी सांगितल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "आणि नाही मिळाली तर?" रास्त प्रश्न. तोवर विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत ती रोज थोडे तास काम करते.

दिवाळीत घरी गेली तेव्हा वडील टोमॅटोचे क्रेट भरत होते. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, की ती दुर्बीण ऐकते तरी काय. तिनं हायड्रोजनपासून सुरुवात केली, ते काही जमेना. मग गोंगाटाकडे वळली. मोबाईलचा त्रास होतो, पेट्रोलच्या गाडीच्या स्पार्क प्लगचाही होतो, पण डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो.

"म्हणजे आपला ट्रॅक्टर चालतो," ते म्हणाले आणि पुढचा क्रेट उचलला.