न्यूर्नबर्गला येताय, तर फोनचं आधी बघा

भारतातला फोन जर्मनीत आणला तर कॉलवर असताना नेट चालेल का, आणि तिथे एकटं वाटतं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, विमा सगळं सरकारी साइटवर आहे. फोनचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आपल्याकडे जिओ आल्यापासून बहुतेक कॉलसुद्धा ४जीवरूनच जातात, म्हणून नेट सुरू राहतं. जर्मनीत २०२१ मध्ये ३जी बंद झालं, २जी अजून आहे. तुमच्या फोनचं व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) इथल्या नेटवर्कवर चाललं नाही तर कॉल थेट २जीवर उतरतो आणि तेवढा वेळ नेट ठप्प. नुसती रिंग वाजली तरी. आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना कुणाचा साधा फोन आला की तिचा चेहरा तसाच थिजतो.

घरी वाय-फायवर अडत नाही, बाहेर अडतं. माझंच सांगतो, मुलगी तेव्हा चौथीत होती. बायर्नमध्ये, म्हणजे न्यूर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतरच पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी २.३३ पर्यंत असेल (इथे आकडा जितका कमी तितका चांगला) तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. तिचं थोडक्यात हुकलं. मे महिन्यात शाळेतून फोन आला तेव्हा मी ट्रामच्या थांब्यावर. सरासरी हुकलेल्या मुलांना गिम्नाझियमसाठी आणखी एक संधी देणाऱ्या तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाबद्दल बाई भराभर बोलत होत्या. कानावर पडलेला शब्द भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर फोनवर वर नुसता 'ई', म्हणजे २जीची खूण, पुढे काही हलेना. लेखी पाठवा म्हटलं, त्या हो म्हणाल्या. पत्र आलंच नाही, मुदत गेली. मुलगी रेआलशूलमध्ये, म्हणजे गिम्नाझियमच्या खालच्या पातळीच्या शाळेत, छान रमली आहे. बायको म्हणते, सोडून द्या आता. मला नाही सोडता येत. ज्या घरात जर्मन बोलत नाहीत, त्यांना एवढी मोठी गोष्ट फोनवर सांगून शाळा मोकळी कशी होते?

म्हणून निघण्याआधी तुमचं नेमकं मॉडेल इथल्या कंपनीच्या व्होल्टी यादीत आहे का बघा. आल्यावर पहिल्याच कॉलला वर ४जी टिकतं का ते पाहा. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम ठेवालच. पण बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलताना दुसरं लागत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर ते घाबरतात.

एकटेपणाचं म्हणाल तर कामात दिवस निघून जातो. शाळेतून फोन आला तर मात्र लगेच ई-मेल मागा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ऑफिसात स्वतः जाऊन उभे राहा.